बरसीचा टीव्ही

गोमतीबाईने मोठा टीव्ही घ्यायचा म्हटल्यावर कामठा गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. तिची भिशी लागली होती, धान विकून झालं होतं आणि घरातला जुना डबा दिवाळीपासून नुसता खरखरत होता. नवल वाटलं ते तिच्या नवऱ्याला, चैतरामला. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्याच्या बायकोने एकही मालिका कधी धड बसून पाहिली नव्हती.

"येवढा मोठा कायले पायजे वो तुले?" त्याने विचारलं.

"तुमच्या मायची बरसी आहे, वर्ष भरते. माणसं येतील. बुढीचे व्हिडिओ दाखवू सगळ्यायले."

चैतरामचे डोळे भरून आले. साधा माणूस तो, आईचं नाव निघालं की विरघळायचा. गोमती खोटं बोलली नव्हती. फक्त सगळं बोलली नव्हती.

तिची सासू धुरपताबाई अंथरुणाला खिळली ती गोमतीच्याच घरी. सासूचा थोरला मुलगा पुरनलाल गोंदियाला राहायचा. त्याचं नळ-पाइपांचं चालतं दुकान होतं आणि समाजाच्या बैठकीत पुढची खुर्ची त्याची असायची. आईला तिकडे नेण्याची गोष्ट निघाली की त्याच्या घरात कधी रंगकाम निघे, कधी पाहुणे. गोमतीने बुढीचं हगणंमुतणं काढलं, डोकं विंचरलं, भात मऊ कालवून एकेक घास भरवला. पुढे बुढीला गिळताच येईना. हाडाला कातडी चिकटली आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती गेली.

तेरवीला बायका बसल्या होत्या. पुरनलालची बायको शामकला भिंतीला टेकून सहज बोलावं तसं बोलली, "आमच्याकडे असत्या तर अशा सुकल्या नसत्या. इथं वेळेवर जेवायला भेटत नव्हतं म्हणतात." कोण म्हणतं ते तिने सांगितलं नाही. पुरनलाल दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि घरची लाज झाकावी तशी मान खाली घातली. बोलण्यापेक्षा त्या खाली गेलेल्या मानेने जास्त काम केलं.

बोलणं पसरत पसरत सालेकशाला पोचलं. तिथल्या एका घरी गोमतीच्या लेकीचं, ओमेश्वरीचं, जवळजवळ ठरलं होतं. पुढच्या रविवारी माणसं पक्कं करायला येणार होती. ती आलीच नाहीत. मध्यस्थाने ओसरीवर बसून, चहाला हात न लावता सांगितलं, "सासूले उपाशी मारनाऱ्या बाईची पोरगी नाई पायजे म्हणतात. मी फक्त निरोप आणला, बाई."

गोमती परातीत कणीक मळत होती. मध्यस्थ गेला, चैतराम डोकं धरून बसला, ओमेश्वरी आत जाऊन अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली. गोमती मळतच राहिली. त्या रात्रीच्या पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

ओमेश्वरीला आजीचे व्हिडिओ काढायची सवय होती. गंमत म्हणून काढायची, कधी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची. एका दुपारी मायलेकी ते पाहत बसल्या आणि पाहता पाहता एक व्हिडिओ असा लागला की गोमतीने फोन हातातून काढून घेतला. तो तिने पुन्हा लावला. मग पुन्हा.

"हा कोणाले धाडला होता?" तिने विचारलं.

"कोणालेच नाई. आजीले वाईट वाटलं असतं."

"आता नाई वाटणार," गोमती म्हणाली.

टीव्हीचा विचार तिथे निघाला. फोनवर दाखवला असता तर एकेकाने पाहिला असता, पुरनलालने प्रत्येकाला वेगळं काही समजावून सांगितलं असतं. तिला सगळ्यांनी एकदम, एकाच जागी बसून पाहायला हवा होता. आणि पुरनलालही समोर बसलेला असायला हवा होता.

गोंदियाला मोठ्या दुकानात मायलेकी गेल्या. दुकानदार विक्कीसेठ पोट सुटलेला, बोलका माणूस. त्याने भिंतीवरचे सगळे टीव्ही लावले. पडद्यावर रंगीत मासे पोहू लागले, फुलं उमलू लागली.

"देखो काकी, क्या कलर आहे. मासा एकदम जिंदा वाटते."

"मासे नको दाखवू," गोमती म्हणाली. "माणूस दाखव. बोलणारा."

त्याने बातम्या लावल्या. गोमती समोर उभी राहिली नाही. ती दुकानाच्या पार कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या पलीकडे जाऊन तिरकी पाहू लागली. एका टीव्हीवर बातम्या देणारीचा चेहरा बाजूने राखेसारखा दिसत होता. तो तिने सोडला. दुसऱ्याच्या काळ्या काचेत दुकानातले दिवे आणि विक्कीसेठचं पोटच जास्त दिसत होतं. तोही सोडला.

"भर दुपारी, मंडपाच्या उजेडात दिसन का? बाजूले बसलेल्या माणसाले चेहरा ओळखू येईन का?"

"घरात लावायचा ना काकी? का टॉकीज खोलून राहिल्या?"

"आणि बोलणं," ती म्हणाली. "गाणं नाई. हळू बोललेलं बोलणं मागच्या ओळीले ऐकू गेलं पायजे."

विक्कीसेठ जरा गंभीर झाला. हल्लीच्या टीव्हीचा आवाज समोरून निघत नाही, मागून किंवा खालून निघतो, माणसांच्या गर्दीत तो दबून जातो, हे त्याने कबूल केलं. टीव्हीखाली ठेवायचा एक लांबट स्पीकर त्याने जोडून दाखवला. गोमतीने त्याला आवाज कमी करायला लावला, पंखे सुरू ठेवायला लावले आणि स्वतः दुकानाबाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. बातम्या देणाऱ्या बाईचा शब्दन् शब्द तिला बाहेर ऐकू आला. तिने पायरीवरूनच मान हलवली.

टीव्ही घरी आला तेव्हा दुकानाचा मेकॅनिक भिंतीवर बसवायला गेला. ड्रिल लावताच छिद्रातून नुसती माती गळायला लागली. भिंत बाहेरून सिमेंटची, आतून जुन्या विटामातीची. त्याने हात वर केले. मग चैतरामने माजघरातलं जड शिसवी टेबल आणलं, टीव्हीला खालचे पाय लावले आणि तो टेबलावर उभा केला. टीव्ही सुरू झाला तो प्रश्न विचारतच: भाषा कोणती, खातं कोणाचं, हे मान्य का, ते मान्य का. ओमेश्वरी बटणं दाबत बसली. चैतरामला रिमोटमध्ये बोलायचं कळलं तेव्हा तो पोरासारखा खुश झाला. "धानाचा तुडतुडा," असं तो किडीचं नाव रिमोटला सांगायचा आणि टीव्ही कुठलासा नाच दाखवायचा.

खरी अडचण पुढे आली. फोनवरचं टीव्हीवर पाठवायला लागलं की गावातलं नेट मान टाकायचं आणि बुढीचा चेहरा अर्ध्या घासावर थांबून राहायचा. गोमतीला ते चालणार नव्हतं. ओमेश्वरीने सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये भरले आणि तो टीव्हीच्या मागे खोचला. मग दुसरंच निघालं. फोन उभा धरून काढलेले व्हिडिओ. एवढ्या रुंद पडद्यावर मधोमध एक अरुंद पट्टी, दोन्हीकडे अंधार. लेकीने कॉम्प्युटरवर बसून चेहरा मोठा करून घेतला. मंडपवाल्याला गोमतीने जनरेटरही सांगून ठेवला. लाईन गेली म्हणून पुरनलाल सुटायला नको होता.

त्या एका व्हिडिओच्या शेवटावरून मायलेकींचं वाजलं.

"इथून काप," गोमती म्हणाली.

"आई, पुढे आजी बोलते."

"म्हणूनच काप."

"हे बरोबर नाई."

"तो आला असता, पाय धरले असते, तर बुढीने तोंडावर माफ केलं असतं. आला का? मग ती माफी त्याची नाई. काप."

ओमेश्वरीने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा तिला अनोळखी वाटला. तिने कापलं.

बरसीला मांडव भरला. टेबलासकट टीव्ही मांडवात समोर आणून ठेवला होता. पुरनलाल पांढऱ्याशुभ्र कपड्यात आला आणि कुणी न सांगता पुढच्या खुर्चीवर बसला. शामकला बायकांत. सालेकशाचा तो मध्यस्थही आला होता. गोमतीने स्वतः फोन करून त्याला बोलावलं होतं. पूजा झाली, पंगती उठल्या, सुपारी फिरली. पुरनलाल आईबद्दल चार शब्द बोलला. आईच्या सेवेपेक्षा मोठं काही नाही म्हणाला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान डोलावली.

"आता बुढीले पाहू सगळे," गोमती म्हणाली आणि रिमोट दाबला.

पडद्यावर धुरपताबाई आली. दात नसलेलं तोंड भरभरून हसलं. मांडवात 'अगं माय' असा सुस्कारा उठला. बुढी पावसाळ्यात पागोळ्या पाहताना दिसली, ओमेश्वरीच्या वेणीची चूक काढताना दिसली. मग गोमती तिला भरवताना दिसली; बुढी तोंड फिरवून, "पुरे कर वो, पोट फुटते," असं म्हणून हात झटकत होती. मागच्या ओळीतून कुणी बाई हसली. शामकला पदर सारखा करू लागली.

मग शेवटचा व्हिडिओ लागला. बुढीच्या हातात फोन, स्पीकर चालू.

"पुरन, कवा येशीन रे?"

"माय, तू घडीघडी फोन काऊन करून राहिली? मी कामात आहो." पुरनलालचा आवाज. लांबट स्पीकरमधून तो इतका स्वच्छ निघाला की दोघा-तिघांनी वळून खुर्चीकडे पाहिलं, तोच बोलतोय असं वाटून.

"गोमती तं करतेच सगळं. तुले पाहावं वाटते."

"पाहून काय करशीन? गोमती आहे ना तिथी, तिलेच सांगत जाय. आन् मले रोज रोज फोन नको करू. ठेव."

बुढीने फोन कानापासून काढला. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि पडदा काळा झाला.

मांडवात पंखा तेवढा फिरत होता. पुरनलाल उठला. "हे काय लावलं? बंद कर," तो म्हणाला. बंद करायला काही उरलंच नव्हतं.

"भासरे," गोमती थोरल्या दिराला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "कोणी उपाशी ठेवलं बुढीले, ते सांगा आता. सगळे बसले आहेत."

त्याने पुन्हा मान खाली घातली, पण या वेळी त्या मानेचा अर्थ मांडवाने वेगळा लावला. एक म्हातारी शामकलाकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "बोलणं सोपं असते बाई." शामकला उठली आणि गाडीत जाऊन बसली. पुरनलाल मागोमाग गेला. जाताना त्याच्या पायात दुसऱ्याच कुणाची चप्पल होती.

गोमती उष्टी पानं गोळा करायला वाकली. वर्षभर घशात अडकलेलं हाड निघाल्यासारखं तिला वाटत होतं.

सालेकशाहून आठवड्यातच निरोप आला: झालं गेलं विसरू, पोरगी आम्हाला पसंत आहे. मध्यस्थाने या वेळी चहा मागून घेतला. ओमेश्वरी आतून बाहेर आली आणि स्वतः बोलली, "माझी आई कशी आहे ते टीव्हीवर पाहून ज्यायले समजलं, त्यायच्या घरी मले जायचं नाई." गोमतीने तिला अडवलं नाही. उलट निरोप नेमका याच शब्दांत पोचवा, असं मध्यस्थाला दोनदा बजावलं.

चैतराम मात्र टीव्ही लावत नसे. त्या फोनच्या वेळी तोही खोलीत होता. एका संध्याकाळी तो म्हणाला, "माय पुढे म्हणली होती, 'काम असन लेकराले, त्याच्यावर राग नको धरजा.' ते कोठी गेलं?"

"मी कापलं," गोमती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चैतराम बस धरून गोंदियाला गेला आणि अंधार पडायच्या आत परतला. पुरनलाल गल्ल्यावर बसत नाही, दुकानाच्या मागच्या गोदामात असतो, म्हणाला. समाजाच्या बैठकीला जात नाही. मायचं शेवटचं वाक्य चैतरामने त्याला सांगितलं, तेव्हा तो पाइपांच्या ढिगामागे जाऊन रडला.

"मोठा भाऊ आहे तो माझा," चैतराम म्हणाला. "तुले बरं वाटलं का, गोमती?"

गोमती चुलीपुढे बसली होती. तिने थोडा विचार केला, कारण नवरा खरंच विचारत होता.

"हो," ती म्हणाली. "वाटलं."

मग तिने त्याच्यासाठी ताट वाढलं आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसून राहिली.