वहीत नसलेला प्रश्न

माझा अशील चिंचपोकळीच्या चाळीत राहणारा, गोदीतला क्रेन चालवणारा माणूस. नौदलाच्या बोटींची माहिती परक्या हेराला दिल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याचं म्हणणं एकच होतं, "मॅडम, त्या माणसाशी बोलत राहा, असं मला साहेबांनीच सांगितलं. दर महिन्याला दादरला हॉटेलात भेटून मी त्यांना सगळं सांगायचो."

ते साहेब गुप्तचर खात्यातले. आता सरकारी साक्षीदार म्हणून शपथेवर सांगत होते, की या माणसाला आपण ओळखत नाही, कधी भेटलोही नाही.

उलटतपासणीला दोन तास झाले. माझ्या वहीतले प्रश्न संपत आले आणि साहेबांचं "नाही" काही हलेना. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "दादरच्या हॉटेलात समोरासमोर बसून तुम्ही दोघं चहा घेत होतात, हे खरं ना?"

"साफ खोटं," ते हसून म्हणाले. "तो चहा पीतच नाही."

स्टेनोची बोटं थांबली. सरकारी वकील अर्धवट उठले आणि तसेच राहिले. मी कसंबसं म्हटलं, "हे वाक्य साक्षीदाराच्याच शब्दांत नोंदवून घ्यावं," आणि खाली बसले. मी आणखी एक शब्द बोलले असते तर साहेब सावरले असते.

बाहेर पोलिसांबरोबर जाताना अशील हळूच म्हणाला, "मॅडम, चहा कुठून काढलात? मी पियूष घ्यायचो."

फोर्टपासून गिरगावापर्यंत मी जवळजवळ धावतच आले. खटला बंद दाराआड चाललेला, त्यामुळे कोणाला सांगायची सोय नव्हती. आईने दार उघडलं.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"मग हसतेस कशाला?"

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर हसून घेतलं.

काही महिन्यांनी निकाल लागला. साहेबांची आणि त्याची ओळख होती, हे न्यायाधीशांनी मान्य केलं आणि माझा अशील सुटला. त्याच्या बायकोने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. गोदीतली नोकरी मात्र परत मिळाली नाही. आता तो वरळीच्या एका इमारतीत लिफ्टवर असतो. भेटला की घरचं सगळं सांगतो. साहेबांबद्दल मात्र निकालानंतर चकार शब्द काढत नाही.