दुसरी ओळ बाहेर आल्यावर

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात माझी ड्यूटी दवाखान्यावर लागली. मी होमगार्ड होते. शिक्षण चौथी. परेडला पाय बरोबर पडायचा, पण रोलकॉलला आवाज फुटायचा नाही. माझ्या नावाला महादेवीअक्काच 'हजर' म्हणायची. ती आमची सेक्शन लीडर. उदगीरकडची, लिंगायत. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही.

आमच्याकडे पाण्याच्या टँकरचा बंदोबस्त होता. नळ कोरडे होते. टँकर आला तर ऑपरेशन, नाही तर पेशंट परत वॉर्डात. असा परत गेलेला माणूस दुसऱ्या वेळी जास्त घाबरायचा. एक जण दवाखान्याच्या कपड्यांतच मोटार स्टँडवर सापडला होता.

सर्जन आधी फौजेत कॅप्टन होते. एकदा टँकरची वाट बघत अक्का भिंतीला टेकून ओवी गुणगुणत होती. जवळच्या स्ट्रेचरवरची बाई रडायची थांबली. कॅप्टनसाहेबांनी तिची नाडी पाहिली. थोड्या वेळाने पुन्हा पाहिली.

"उद्यापासून ही पण ड्यूटी," ते म्हणाले. "या गातील. आणि तुम्ही?"

मी मान खाली घातली.

"ही गात न्हाई साहेब, बोलत बी न्हाई," अक्का म्हणाली. "पर चित्रं काढती. मोर काढला तर कोंबडीवानी दिसतो, तेवढं सांभाळून घ्या."

मला गेरू आणि चुना मिळाला. स्ट्रेचरवरचा माणूस सांगेल ते मी समोरच्या भिंतीवर काढायचं. त्या वर्षी सगळे एकच सांगायचे, भरलेली विहीर काढ. उन्हाळा संपत आला तोवर सगळी भिंत विहिरींनी भरली. संध्याकाळी तिकडे बघू नये, आतून कोणीतरी वर बघतं, असं वॉर्डातले म्हणू लागले.

अक्काची रीत ठरलेली होती. आधी पेशंटला गाव विचारायची. मग घरी वाट कोण बघतं ते विचारायची. थिएटरच्या दारापर्यंत पहिलीच ओळ घोळवून घोळवून गायची. औश्याचा माणूस असला तर:

औश्याच्या वाटेवर, गाडी सुटली बैलांची

दुसऱ्या ओळीत घरच्या माणसाचं नाव यायचं. ती ओळ अक्का राखून ठेवायची. "दुसरी बाहेर आल्यावर. नाव ऐकायला या," असं म्हणून स्ट्रेचर सोडायची. माणूस शुद्धीवर आला की ओवी पुरी करायची. काही जण आले नाहीत. त्यांच्या ओव्या तशाच राहिल्या.

त्या सकाळी सातला रांगेत फॉल-इन झालं. दोन दिवस टँकर नव्हता. फाटकाबाहेर वस्तीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. भांडण नाही, आवाज नाही. मला ते बरं वाटलं नाही. फाटकावरच्या पोलीस जमादारांच्या वायरलेसवर निरोप आला, "टँकर निघाला. एकच आहे. ओव्हर."

"एकच?" अक्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "शांते, साखळी धर. हात सोडू नको."

टँकर आत आला आणि बाया मागोमाग घुसल्या. साखळी तुटली. ड्रायव्हर घाबरून गाडी मागे घेऊ लागला. मागच्या चाकाशी एक बाई गळकं पाणी घागरीत धरत वाकली होती. अक्काने तिला ढकललं. ती वाचली. अक्का टँकर आणि भिंतीच्या मध्ये सापडली.

कॅप्टनसाहेबांनी तिचं पोट तपासलं. "आत रक्त जातंय. आत्ता उघडावं लागेल."

"मी न्हाई जात," अक्का म्हणाली. स्ट्रेचरची दांडी तिने दोन्ही हातांनी धरली होती. कोण कोण बाहेर आलं नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

साहेबांचा हात तिच्या नाडीवर होता. "तुम्ही म्हणा," ते मला म्हणाले.

"साहेब, मला न्हाई येत."

"ऑर्डर आहे."

मी ओवीतली गाडी उदगीरच्या वाटेवर सोडली. आवाज फाटला.

"काय भसाडी गातीस गं माय," अक्का म्हणाली. पण एक हात सुटला.

"अक्का, नाव कोणाचं घालू?"

"माझ्या घरी कोण हाय? तुझंच घाल."

दार आलं. मी थांबले. "दुसरी बाहेर आल्यावर," मी म्हणाले.

"न्हाई. आत्ता म्हण. पुरी म्हण."

मी साहेबांकडे बघितलं. ते दाराकडे बघत होते. मी दुसरी ओळ म्हटली:

घरी शांताबाई माझी, वाट बघते पावलांची

तिने दुसरा हात सोडला. "हाव. आता चला," ती साहेबांना म्हणाली.

दुपारी साहेब बाहेर आले. त्यांनी टोपी काढली होती.

संध्याकाळी समाधी दिली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवलं. अंगावर खाकी साडी होती. खड्डा भरत आला तेव्हा ती वाचलेली बाई घागर घेऊन आली. सकाळचं पाणी होतं. तिने ते सगळं मातीवर ओतलं. अशा दिवसांतही कोणी तिला अडवलं नाही. आमच्या कमांडरनी 'सावधान' दिलं. सेक्शनने सॅल्यूट केला. रोजावरचे होमगार्ड आम्ही, बंदुकीची सलामी आम्हाला नसते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला एक म्हातारा होता. मी जवळ गेले तसे त्याने पाय आखडून घेतले.

"कालच्या बाईची ओवी तूच पुरी केलीस म्हणं. म्हणून गेली ती."

अक्का उभी राहायची तिथे, त्याच्या उशाशी, उभी राहिले आणि त्याला गाव विचारलं.