मे महिन्यातली थंडी

सोमवारी डॉक्टरांनी आईच्या डोळ्याखालची कड बोटाने ओढली आणि पाहिलं. मग मला विचारलं, "यांना थंडी वाजते का?" मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी फोन काढला, पाहिलं आणि सांगितलं, "एप्रिलपासून." एकवीस दिवसांनी आई गेली.

आईला कधीपासून थंडी वाजते हे मला फोनात पाहून सांगता आलं, ते कसं, हे मला लिहायचं आहे. लिहायला घेऊन बरेच महिने झाले. दोन ओळी होतात आणि थांबतात.

आमचं घर वर्ध्यात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई अंगणवाडीत मदतनीस होती, निवृत्त झाली. मी देवळीला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. लग्न केलं नाही. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं, असं आम्हा दोघींचं चाललेलं होतं. उन्हाळ्यातही कॉलेज पूर्ण सुटत नाही, पेपर तपासणी असते, प्रवेशाची कामं असतात. तेव्हा दिवसभर आई घरात एकटी, आणि वरचा स्लॅब सकाळी नऊपासून तापलेला.

इतकी वर्षं खिडकीत कूलर होता. त्यात पाणी भरायचं काम आईचं. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी मेमध्ये भरदुपारी बादली उचलताना तिला भोवळ आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. शेजारच्या काकूंनी पाहिलं, पाणी पाजलं, कांदा हुंगवला. मी आल्यावर सगळ्यांनी सांगितलं, ऊन लागलं. मलाही तेच वाटलं. आमच्याकडे मे महिन्यात माणसाला काहीही झालं तरी पहिला संशय उन्हावरच जातो. आता वाटतं, ते ऊन नसेलही.

त्या भोवळीमुळे मी पुढच्या एप्रिलमध्ये एसी घेतला. फोनवरून चालणारा. त्याला आठवड्याचं वेळापत्रक लावून देता येतं, कोणत्या वाराला, किती वाजता, किती अंशांवर. बसवायला आलेल्या मिस्त्रीने भिंतीत भोक पाडलं, नळी बाहेर काढली, मशीन वायफायला जोडून दिलं आणि म्हणाला, "आता देवळीत बसून इथला एसी चालू करा मॅडम. आजीले काईच कराले नाई लागत. टायमाचं तेवढं तुमीच बसवा, पुस्तक आहे सोबत. तुमी शिकलेल्या, तुमाले जमते."

मला जमलं. वस्तूसोबत येणारी पुस्तकं लोक न वाचता फडताळात टाकतात. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या. शिवाय कॉलेजचं वेळापत्रक अनेक वर्षं माझ्याकडे आहे. कोणाचा तास कुठे बसवायचा, कोणते दोन तास लागून येऊ द्यायचे नाहीत, हे मला डोळे मिटून येतं. मी आईची दुपार तशीच आखली. साडेअकराला चोवीस. तीनला पंचवीस. साडेपाचला बंद, कारण तोवर मी बसस्टँडवर उतरलेली असे. रविवार वेगळा, कारण रविवारी मी घरी.

आई शेजारी बसून माझ्या फोनाकडे पाहत होती. म्हणाली, "माहंही टाइमटेबल केलं काय वं?"

"हाव. साडेअकराचा तास तुहा."

"अन् परीक्षा कधी?"

आम्ही दोघी हसलो.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू रोज दुपारी येऊन बसायच्या. त्यांचं किराणा दुकान आहे, घराला लागूनच. दुपारी गिऱ्हाईक नसे. आत येऊन त्या पदर कानांवर ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई बाई, थंडी वाजून राह्यली. शिमलाच करून टाकला तुमी घराचा." आमच्या भागात मे महिन्यात एखाद्याच्या घरी जाऊन थंडी वाजते म्हणणं हे त्या घराचं कौतुक असतं. चहा चांगला झाला म्हणतात, तसंच ते. घरवाल्याने त्यावर हसायचं आणि "बसा ना अजून" म्हणायचं.

म्हणून एका रविवारी काकूंच्या मागोमाग आई म्हणाली, "हाव वं, मलेही वाजून राह्यली," तेव्हा मी हसले. तिला सुख वाटतंय असं मला वाटलं. मी म्हटलं, "बसा ना अजून."

त्यानंतर एके दिवशी स्टाफरूममध्ये फोन पाहिला तर एसी बंद दिसला. दुपारचे पावणेएक. मी देवळीहून चालू केला. बाहेरून चालू केला की मशीन एकदा बारीक वाजतं. आई संध्याकाळी म्हणाली, "मशीन वाजलं का मले वाटते तूच आली." मी म्हटलं, "तू बंद काऊन केला?" ती म्हणाली, "थंडी वाजे."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बंद केला, मी पुन्हा चालू केला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिने बंद केला नाही. मला वाटलं, सवय झाली. त्या संध्याकाळी तिचा हिवाळ्यातला स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. मी तो घडी करून पेटीत ठेवला.

मी तिचं ऐकत नव्हते असं नाही. हेच मला सांगायला जड जातं. ती थंडी म्हणाली की मी आकडा वाढवत होते. चोवीसचे सव्वीस केले, सव्वीसचे सत्तावीस, मग अठ्ठावीस. वेळ साडेअकराऐवजी एक केली, मग दोन. प्रत्येक बदल फोनात नोंदवला जातो, तारखेसह. रोज घरी आल्यावर मी विचारायची, "आज कसं वाटलं?" ती म्हणायची, "आज बरं होतं." एखाद्या दिवशी म्हणायची, "थोडी वाजली." मी लगेच फोन काढायची. ऐकणं याहून वेगळं काय असतं, असं मला वाटत असे. तिने सांगावं आणि मी बदल करावा, इतकं तिच्यासाठी याआधी मी कधी केलंही नव्हतं. आकड्याकडे पाहताना मी तिच्याकडे किती वेळ पाहिलं, याची नोंद कुठे नाही.

इतर गोष्टीही होत्या. तांदूळ निवडताना ती कच्चे दाणे तोंडात टाकायची. मी रागवायची, "पोट दुखीन." ती म्हणायची, "गोड लागतात वं." ओट्याच्या तीन पायऱ्या चढून ती जरा थांबायची. पहिल्यांदा ते काकूंच्या लक्षात आलं, पण त्या म्हणाल्या, "वय झालं आता." आईही म्हणाली, "झालं ना."

बुद्धपौर्णिमेला ती पांढरं पातळ नेसून विहारात निघाली आणि वर स्वेटर घातला. मी म्हटलं, "आई, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू दे." सकाळचे नऊ वाजले होते आणि रस्त्यावर उन्हाने डोळे उघडवत नव्हते. विहारात बाया हसल्याच. एक म्हणाली, "अवं, हिमालयातून आली काय?" आई म्हणाली, "माह्या पोरीनं घरातच हिवाळा आणला. आता तो अंगातून निंगत नाई." सगळ्या हसल्या. वंदनेनंतर खीर वाटली, ती आईने वाटी दोन्ही तळव्यांत धरून खाल्ली. खीर गरम होती. मी हे पाहत होते, आणि मला चक्क अभिमान वाटत होता. माझ्या घरी मे महिन्यात थंडी आहे, हे चारचौघींत बोललं जात होतं.

पौर्णिमेनंतर मी मशीन बरेच दिवस बंदच ठेवलं. आता खोलीच्या तापमानाची रेघ फोनात वर वर जात होती. दुपारी तेहतीस, चौतीस. आणि आई स्वेटरमध्ये. मी त्या रेघेवर संशय घेतला. खोली खरंच चौतीस अंश असेल तर आईला थंडी कशी वाजेल? म्हणजे मशीनमधला तापमान मोजणारा सेन्सर चुकतोय. मी मिस्त्रीला बोलावलं.

तो आला, जाळी काढली, सेन्सर तपासला, स्वतःजवळचं मीटर लावून पाहिलं. कपाळावरून घाम पुसत म्हणाला, "मॅडम, सेन्सर ठीक आहे. मशीनमध्ये काईच प्रॉब्लेम नाई." मग खुर्चीत बसलेल्या आईकडे पाहून हसला. "आजी, तुमची मजा आहे. आमी इथं उकडून मरून राह्यलो अन् तुमी स्वेटरात."

आई म्हणाली, "तू बी घाल मंग. देऊ काय एक?"

तो हसला, मी हसले. त्याला चहा दिला. मला खरोखर बरं वाटलं होतं, मशीन बिघडलेलं नाही म्हणून. मी वाचणारी बाई. पोरांना उतारा देते आणि विचारते, लेखकाने इथे काय सांगितलं नाही? समोर माणूस म्हणत होता की दोष मशीनमध्ये नाही. मग तो कुठे आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तर त्याच दिवशी आईला घेऊन निघाले असते. तो दिवस आणि सोमवार यांच्यामध्ये सोळा दिवस गेले.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी वादळ आलं, विजेचा खांब पडला आणि आमच्या गल्लीतली लाइन गेली. रविवारी दुपारपर्यंत आली नाही. पंखा नाही, काही नाही. मी पुढच्या दारात पुस्तकाने वारा घेत बसले होते, ब्लाउज पाठीला चिकटलेला. आतून आईने हाक मारली. मी गेले तर ती गादीवर गोधडी घेऊन पडली होती, मानेपर्यंत.

"काय झालं?"

"थंडी वाजून राह्यली वं. पायावर काई टाक."

मी सवयीने फोन काढला. मशीन बंद असल्याची खूण दिसत होती. खाली आकडा नव्हता, रेघ नव्हती, बदलायला काही नव्हतं. मी थोडा वेळ तसाच फोन धरून उभी राहिले. मग खाली बसले आणि तिचे पाय हातात घेतले. ते गार होते. नखं पांढरी होती. ओठही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की हे आज झालेलं नाही.

सोमवारी सकाळी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. आतड्यात गाठ होती आणि तिथून कित्येक महिने थोडं थोडं रक्त जात होतं, तिला कळलं नाही इतकं थोडं. माणसाला लागतं त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकं रक्त तिच्या अंगात उरलं होतं. रक्त कमी झालं की थंडी वाजते, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. आवाज साधाच होता. एप्रिलमध्ये आणलं असतं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." ते मला दोष देत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

तिला रक्त दिलं. दुसरी पिशवी संपत आली तेव्हा तिने अंगावरची चादर पायाने लोटली. म्हणाली, "उकडून राह्यलं वं. पंखा जोरात कर."

मी उठून पंखा जोरात केला. बाजूच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "आता बरं आहे काय?" मी म्हटलं, "हो, त्यांना उकडतंय." मी रडत होते, म्हणून त्या बाईंना काही कळलं नसावं.

त्या दोनतीन दिवसांत आई पुष्कळ बोलली. मी एकदा धीर करून विचारलं, "आज बरं होतं, असं काऊन म्हणत होती मले?"

"तू दिवसभर शिकवून येस. आली का तो फोन काढस. कपाळाले आठ्या. मले वाटे, हिचं मशीन बिघडलं त् हिले वाईट वाटीन. किती हौसेनं आणलं."

"तुले बरं नाई, हे तुले समजत होतं?"

"थंडी वाजे एवढंच समजे," ती म्हणाली. "अन् ते त् मी सांगतलं होतं."

ती हे रागाने म्हणाली नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिलं, तिच्या आवाजात राग नव्हता. तिने खरोखर सांगितलं होतं. एप्रिलपासून, ज्या शब्दांत सांगता येतं त्याच शब्दांत.

ऑपरेशन करण्याइतकी ताकद तिच्या अंगात आली नाही. गाठ पसरलेली होती. तीन आठवड्यांनी एका सकाळी, तिचं तोंड पुसून मी पाणी आणायला गेले आणि परत आले तेव्हा ती गेली होती. विहारातल्या बाया आल्या, काकू आल्या. काकू म्हणाल्या, "मी रोज येऊन बसत होती ना तिच्यापाशी. मलेच समजाले पाह्यजे होतं." मी त्यांना नाही म्हटलं. ते माझं होतं, मला ते कोणाला वाटून द्यायचं नव्हतं.

फोनातली ती नोंद अजून आहे. एप्रिलपासूनचा प्रत्येक बदल, तारीख, वेळ, आकडा. तिच्या आजाराचा दुसरा कागद माझ्याकडे दवाखान्यात जाण्याआधीचा एकही नाही. एवढी नेटकी नोंद कोणत्याच मुलीने ठेवली नसेल.

आता घरात मी एकटी आहे. एसी भिंतीवर आहे. या उन्हाळ्यात काही दिवस मी तो लावला नाही, मग लावला. मला उकडतं.