पडवीतलं निळं बसकर

उषाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा आमची सकाळची शाळा मधल्या सुट्टीवर आली होती. फोनवर त्यांच्या शेजारच्या सुमनवहिनी. "गुरुजी, बाई उठणत नाय ओ. हाक मारलंय, हालवन बघलंय... तुमी येवा." मी धावलो. आमच्या खाडीकाठच्या वाडीत शाळेपासून बाईंचं घर चार पावलांवर. पडवीत खांबाला टेकून त्या बसल्या होत्या, खाली ते निळं बसकर. प्राण जाऊन तासभर झाला असेल, असं डॉक्टर म्हणाले. मी साडेसातला त्याच रस्त्याने शाळेत गेलो होतो. त्या तशाच बसलेल्या मला दिसल्या होत्या, म्हणजे तेव्हा जिवंत होत्या... आणि मी हाक मारली नव्हती. दीड महिना झाला, हे कोणापुढे धड बोलता आलेलं नाही. म्हणून लिहितो आहे.

दोन शिक्षकी शाळेत उषाबाईंनी आणि मी पंधरा वर्षं एकत्र काढली. माझ्या डोक्यात प्रशिक्षणातून गटकार्याचं वारं शिरलेलं. पाच-पाच मुलांचे गोल करायचे, सगळ्यांनी मिळून तक्ता करायचा, सगळ्यांनी मिळून गणित सोडवायचं. बाई हसायच्या. "तुमच्या गटात एकटो करता नि चौघे मान डोलवतत, गुरुजी!" गटाला त्यांची ना नव्हती. पण ज्याला एकट्याने करायचं असेल त्याच्यासाठी त्यांनी जुन्या साडीचं एक निळं बसकर शिवलं होतं. ते उचलायचं, पडवीत जाऊन बसायचं, विचारायची गरज नाही. नियम एकच. बसकरावर बसलेल्याला कोणी हाक मारायची नाही.

सायरा नावाची एक मुलगी त्यावर सगळ्यात जास्त बसायची. मासेमारांच्या घरातली, अबोल, पण गणितात वाघीण. एकदा साहेब शाळा बघायला येणार होते. एक मुलगी बाहेर एकटी बसलेली बरी दिसेल का, म्हणून मी बसकर कपाटावर टाकलं आणि सायराला गोलात बसवलं. साहेबांनी विचारलेलं सोपं गणित तिला येईना. गोल हसला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी बाई तिचा हात धरून घेऊन आल्या. माझ्याशी भांडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कपाटावरचं बसकर झटकून एवढंच म्हणाल्या, "माणूस एकटो बसलो म्हणजे तो रुसलो असा नाय ओ. तेच्या डोक्यात गर्दी झाली काय सगळा अडकता."

त्या दिवसापासून मी तो नियम काटेकोर पाळला. जरा जास्तच. बाई निवृत्त झाल्यावर बसकर त्यांच्याबरोबर घरी गेलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं, एकटेपणाची त्यांना कधी खंत नव्हती. सकाळी त्या पडवीत वाचत बसायच्या. "मी बसकरावर दिसलंय तर रस्त्यावरसून बोंब मारू नका हां, गुरुजी," असं गमतीने बजावलेलंही होतं. त्या सकाळी त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. ते मला दिसलं. तरी मी नियम पाळला आणि पुढे गेलो. आपण किती शहाणे झालो आहोत, असंही तेव्हा वाटलं असेल. लाज वाटते आता.

बाराव्यानंतर सायरा भेटायला आली. आता ती कुडाळला नोकरी करते. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण गुरुजी, बाई मधी मधी येयत ओ. हाक नाय मारीत. बाजूक येऊन बसत, पाण्याचो तांबयो ठेवत, नि जात. कोणतरी येतला, ह्या माका ठावक होता. म्हणान तर मी एकटी बसाक शकलंय."

तिने मला दोष दिला नाही. पण पंधरा वर्षं मी हे रोज पाहिलं होतं. तांब्या घेऊन पडवीत जाणाऱ्या बाई मला दिसत होत्या आणि मला वाटायचं, पाय मोकळे करताहेत. अर्धाच नियम शिकलो मी. उरलेला अर्धा शिकलो असतो तर त्या सकाळी चार पावलं आत गेलो असतो. त्या वाचल्या असत्या की नाही, देव जाणे. बाजूला कोणीतरी बसलेलं तरी असतं.

बसकर बाईंच्या भाचीने मला दिलं. ते पुन्हा शाळेत आहे. परवा तिसरीतली एक मुलगी ते उचलून पडवीत गेली. मला वर्गात राहवेना. पाच मिनिटांत जाऊन बाजूला बसलो. मग पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने पाटी झाकली. "गुरुजी, माका करूक देवा ना..."

परत येऊन खुर्चीत बसलो. बाई नेमक्या किती वेळाने उठून जायच्या, ते मी पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नाही.