दवाखान्यावरचा मांडव

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. नागपूरला नर्सिंग शिकून मी चांदा जिल्ह्यात नोकरीला आले. मूल गावाहून बैलगाडीने तीनेक तास आत गेलं की आमचा दवाखाना लागे. धानाच्या बांध्यांमध्ये ती पांढरी, सपाट छताची, मोठमोठ्या काचांची इमारत अशी उभी होती, की पहिल्यांदा येणारा माणूस दारातच बावरून जाई.

ती उभारणारे वास्तुकार विलायतेत शिकलेले. मुंबई-दिल्लीत त्यांचं मोठं नाव होतं. आमच्या दवाखान्याचा फोटो एका मासिकात आला होता, आणि डॉक्टरांनी ते पान चौकटीत बसवून खुर्चीमागे लावलं होतं. मूलच्या बाजारात मात्र वेगळंच ऐकू येई. "फोटोसाठी बांधते तो, मानसासाठी नाई." कोणाचं खरं, ते मला पहिल्याच वैशाखात कळलं.

दुपारी लोखंडी खाटांना हात लावता येत नसे. छत वरून भाजे, आणि पश्चिमेच्या काचांमधून ऊन सरळ बाळंतिणींच्या अंगावर येई. अशाच एका दुपारी, कळा सुरू झालेल्या सुनेला धरून एक म्हातारी बाहेर निघाली. जंगलातल्या गावची गोंड बाई होती ती.

"आजी, कुठे नेताय तिला?"

"झाडाखाली नेतो, बाई. पोरगी भाजून राह्यली इथी. तुले दिसत नाई काय?"

मला दिसत होतं. डॉक्टर दौऱ्यावर होते. मी उकळलेलं पाणी, कात्री आणि चादरी घेऊन त्यांच्यामागे गेले. कडुनिंबाखाली, लुगड्यांचा आडोसा करून, मी त्या सुनेची सुटका केली. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

त्याच संध्याकाळी रागारागात मी वास्तुकारांना पत्र लिहिलं. तुमच्या इमारतीत एक दुपार झोपून दाखवा, असंच लिहिलं. पत्र टपालात पडलं आणि मग भीती वाटली. नोकरी जाणार, असं धरूनच चालले होते.

पंधरा दिवसांनी ते स्वतः आले. "पत्र लिहिणाऱ्या बाई कोण?"

"मी," मी पुढे होऊन म्हणाले.

"मोकळी खाट आहे?"

बारा ते चार ते पुरुषांच्या खोलीत पडून होते. उठले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. म्हणाले, "बाई, तुम्ही फार सौम्य लिहिलंत."

ती म्हातारी त्या दिवशी नातीला दाखवायला आली होती. मी तिची हकीकत सांगितल्यावर ते तिच्यासमोर ओट्यावर बसले. "आजी, तुम्ही काय केलं असतं?"

म्हातारी हसली. "लग्नात मांडव टाकतेत ना, साहेब? तसा याच्यावर टाक. ऊन मांडवाले लागन, छताले नाई. मधातून हवा जाऊ दे."

डॉक्टर कासावीस झाले. "साहेब, मासिकात आलेली इमारत ही! झोपडी होईल तिची."

"मासिकात कोणी बाळंत होत नाही, डॉक्टर," ते म्हणाले.

पावसाआधी छतावर सागाच्या बल्ल्या उभ्या राहिल्या, त्यांवर बांबू आणि मातीचे कवेलू चढले. छत आणि मांडव यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा ठेवली. पश्चिमेच्या काचा काढून बांबूची जाळी बसवली. काम म्हातारीच्या गावच्या माणसांनी केलं. दहा दिवस वास्तुकार त्यांच्याबरोबर राबले. एका कोपऱ्याची बांधणी त्यांनी स्वतः केली, तर म्हातारी खालून ओरडली, "सुटन ना ते! सोड, पुन्हा बांध." त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा बांधलं.

याचं त्यांना काय मिळालं? पुढच्या वर्षी शहरातून तीन तरुण वास्तुकार इमारत पाहायला आले. त्यांतला एक माझ्यासमोरच म्हणाला, "स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापून घेतलं." गावातली माणसं म्हणत, "पयलेच काऊन नाई केलं?" दोघांचंही खोटं म्हणता येत नव्हतं. पुढे त्यांनी मोठमोठ्या शहरांत पुष्कळ बांधलं. काही इमारतींसाठी मानसन्मान मिळाले, काहींसाठी लोकांनी शिव्या घातल्या. ते थोर होते की नुसतेच गाजलेले, हा वाद अजून चालू आहे. त्यातलं मला काही समजत नाही. एका नवख्या नर्सचं उद्धट पत्र वाचून तो माणूस तापल्या खाटेवर चार तास पडून राहिला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

लग्नानंतर माझं पहिलं मूल त्याच दवाखान्यात झालं, तेही ऐन वैशाखात. आई नागपूरहून मला वारा घालायला विंझणा घेऊन आली होती. दोन दिवस तिने तो हातात धरला. तिसऱ्या दिवशी खुंटीला अडकवला, आणि शेजारच्या खाटेवर भर दुपारी घोरू लागली.