हापशाचं गोड पाणी

नऊ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. मी लुंगी खोचून दारातल्या टाकीत पाइप धरून उभा होतो आणि बायको आतून ओरडत होती, आधी पिण्याचं भरा म्हणून. तेवढ्यात उत्तमच्या धाकट्याचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ताच. झोपेतच..." मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला आणि, खोटं कशाला सांगू, टाकी भरेपर्यंत पाइप सोडला नाही. पन्नास वर्षांचा दोस्त गेला होता आणि मी पाण्याची धार बघत उभा होतो. मग पाइप गुंडाळला, पायरीवर बसलो आणि रडलो. बायकोला वाटलं, पाय घसरून पडलो.

गेल्या महिनाभरात उत्तमवर दोन-तीन लेख छापून आले. विद्यार्थिप्रिय प्राध्यापक, पाण्याचे अभ्यासक, साधी राहणी वगैरे. सगळं खरं आहे. पण एक गोष्ट त्यांत नाही आणि ती माझ्याशिवाय कुणी लिहिणारही नाही. वाचून कुणी मला शिव्या घातल्या तर घालू देत, त्या मला फार आधीच पोचायला हव्या होत्या.

उत्तम आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होता आणि मी तिथलाच ग्रंथपाल. आमचं गावही एकच, दिंद्रुडच्या अलीकडं. मात्र माझं घर वेशीच्या आत आणि त्याचं वस्तीत, वेशीच्या बाहेर. छप्पन सालानंतर वस्ती बौद्ध झाली, घराघरांतले देव गेले, पण पाण्याची रांग काही बदलली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात गावचा आड आटला आणि सगळं गाव आमच्या मळ्यातल्या विहिरीवर यायला लागलं. वस्तीतल्या बायका बाजूला घागरी मांडून बसायच्या. माझी चुलती पोहरा ओढून त्यांच्या घागरीत वरूनच ओतायची, निम्मं घागरीत, निम्मं त्यांच्या अंगावर. एकदा उत्तम त्याच्या आईबरोबर आलेला. आम्ही एका बाकावर बसणारे. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं. शाळेत आम्ही ह्याविषयी कधी बोललो नाही.

त्याच्या वडिलांनी तहसीलला खेटे घालून घालून वस्तीला हापसा आणला. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी वस्तीतल्या बायका चिखलात नाचल्या म्हणतात. पाणीही असं गोड, की आमच्या घरचे सालगडी बैलं पाजायच्या निमित्तानं तिकडून तांब्या भरून आणायचे. उत्तमचे वडील, सगळ्या वस्तीचे दादा, संध्याकाळी हापशाशेजारी बाज टाकून बसायचे. कुणी पोरगं दांडा जोरात हाणायला लागलं की ओरडायचे, "आरं हळू, बापाचा हाय का?" आणि मग स्वतःच हसायचे. कारण बापाचाच होता.

उत्तम औरंगाबादला शिकला. हॉस्टेलात भात आणि डाळीचं पाणी खाऊन एम.एस्सी. झाला आणि कॉलेजात रुजू झाला. शिकवायचा झकास. पहिल्याच तासाला सांगायचा, "माणसानं जिभेवर भरोसा ठेवू नये. जीभ गोडाला भुलते." पोरं हसायची. लॅबमध्ये काचेची भांडी स्वतः विसळायचा आणि नोकराला म्हणायचा, "मामा, ऱ्हाऊ द्या, तुमी चहा सांगा." पीएच.डी.साठी त्यानं विषय घेतला तो बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा. मार्गदर्शक वैतागले होते म्हणे. म्हणाले, काहीतरी संयुगं बनवा, दोन वर्षांत मोकळे व्हा, गावोगाव बाटल्या घेऊन कशाला हिंडता? हा हिंडला. नऊ वर्षं. शनिवारी कॉलेज सुटलं की राजदूतवर मागं मी, माझ्या मांडीवर बाटल्यांचं खोकं. तेलगावच्या बाजूला जा, चकलांब्याकडं जा. प्रत्येक हापशाला लोक जमायचे. एक म्हातारा म्हणाला होता, "सायेब, पानी तपासताय त्ये ठीक हाय, पर खराब निघालं तर चांगलं कुठून देताल?" उत्तमनं बाटलीवर गावाचं नाव लिहिलं आणि राजदूतला किक मारली.

मग शहाऐंशीचा दुष्काळ लागला. त्या दिवाळीनंतर तो गावाहून दोन बाटल्या घेऊन आला. एक वस्तीच्या हापशाची, एक आमच्या विहिरीची. मी सहज लॅबमध्ये डोकावलो होतो. त्यानं दोन्ही पाण्यांत ते गुलाबीसर औषध टाकलं. फ्लोराइड जास्त असलं की गुलाबी जाऊन पिवळं होतं, एवढं तोवर मलाही कळत होतं. विहिरीचं पाणी गुलाबीच राहिलं. हापशाचं बघता बघता पिवळं पडलं. मी म्हणालो, "बाटल्यांची अदलाबदल झाली असंल, परत कर." त्यानं परत केलं. तिसऱ्यांदा केलं. मग स्टुलावर बसला. "एवढं पिवळं मी कुठंच बघितलं न्हाई बे, दत्ता..."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं वस्तीतली पोरं आली. त्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे असायचे आणि शाळेत मास्तर त्यांना मिश्री लावता म्हणून छड्या मारायचे. बायका चाळिशीतच वाकायच्या, गुडघे बाहेर जायचे. गाव म्हणायचं, ऊसतोडीनं वाकल्या. त्या स्वतःही तसंच म्हणायच्या. कोयत्याला दोष देत होतो आम्ही सगळे.

उत्तम म्हणाला, "हे सांगितलं तर हापसा बंद होणार. मग आई, आक्का, सगळ्या परत घागरी घेऊन कुठं जाणार? दादा तर तिथंच जीव देतील." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं हाय. वस्तीपर्यंत पाइप टाकता आला तर... तू आण्णांला बोल. पाण्याची सोय झाली की मी दुसऱ्या दिवशी वस्तीत सांगतो." मी म्हणालो, "बोलतो की. त्यात काय!"

आण्णा माझे थोरले बंधू, सहकारी साखर कारखान्याचे संचालक. त्या दुष्काळात सगळ्या शिवारात हिरवा तुकडा एकच होता, तो आमच्या उसाचा. संचालकाचाच ऊस वाळला तर सभासद काय म्हणतील, असं आण्णा म्हणायचे आणि विहिरीवरची मोटर वीज असेल तेवढा वेळ चालू असायची. मी गावी गेलो. जेवताना विषय काढला, "आण्णा, वस्तीला विहिरीवरून पाइप दिला तर?" त्यांनी मान वर केली. "कावून? त्यांना हापसा हाय की." इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. हापशाचं पाणी विषारी आहे, एवढंच. मी भाकरी मोडली आणि म्हणालो, "असंच विचारलं." वहिनीनं पिठलं वाढलं आणि बोलणं कारखान्याच्या निवडणुकीवर गेलं.

का बोललो नाही? आण्णांचा दरारा होता, हे खरं. पण दराऱ्यामागं लपण्यात काही अर्थ नाही. त्या उसावर तालुक्याला माझं घर उभं राहत होतं. पायाभरणी झाली होती, स्लॅब बाकी होता. विहीर वाटली गेली असती तर ऊस वाळला असता आणि माझं घर अडलं असतं. एवढं साधं आहे ते. सोमवारी उत्तमनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "आण्णा नाही म्हणाले." तो म्हणाला, "फ्लोराइडचं सांगितलं का?" मी म्हणालो, "सांगितलं."

त्यानं दोन्ही बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. वहीत काही लिहिलं नाही. त्याची काही चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. त्यानं वस्तीत जाऊन सांगायलाच हवं होतं, पाइप असो की नसो. पण रांगेत बसलेली आई बघितलेला माणूस होता तो. पुढं प्रबंधात त्यानं जिल्ह्याचा नकाशा दिला, गावागावांवर ठिपके, आणि आमच्या गावाच्या जागी कोरा कागद. मुलाखतीला मी मागं बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं संपल्यावर सहज विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" उत्तमनं सांगितलं. ते नकाशा बघत म्हणाले, "अरे, इथला नमुना नाही घेतला?" तो म्हणाला, "राहून गेला, सर." सगळे हसले. डॉक्टर झाला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, त्यानं स्वतः एकही खाल्ला नाही.

त्यानंतरची वर्षं मी पटापट सांगतो, कारण त्यांत आम्ही दोघांनी काहीच केलं नाही. तो विभागप्रमुख झाला. त्याचे निबंध नियतकालिकांत छापून यायचे, मी ते ग्रंथालयात फायलीला लावायचो. दूरदूरच्या गावांचे हापसे त्याच्या अहवालामुळं बंद झाले, तिथं टँकर सुरू झाले. आई-वडिलांना तो तालुक्याला घेऊन आला, पण दादा चार दिवसांत परत गेले. म्हणाले, इथलं पाणी बेचव हाय. शांताआक्का, त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून वस्तीतच होती. ती काही आलीच नाही.

दोन हजार तेराच्या दुष्काळात हापसा उचक्या द्यायला लागला. पंचायतीनं ठरवलं, बोअर आणखी खोल न्यायचा आणि मोटर टाकायची. उत्तमनं ऐकलं आणि माझ्याकडं आला. म्हणाला, "जितकं खोल जातील तितकं वाईट लागंल. आता सांगतो. येतोस का?" मी म्हणालो, बीपी वाढलंय. तो एकटा गेला. हापशापाशी सगळ्यांना बसवून त्यानं सांगितलं, की ह्या पाण्यात काय आहे हे मला सव्वीस वर्षांपासून ठाऊक आहे, मी सांगितलं नाही, चूक माझी. माझं नाव घेतलं नाही. हे मला नंतर त्याच्या धाकट्यानं सांगितलं. एक पोरगा उठून म्हणाला होता, "डॉक्टर झाला बे तू, आन घरच्यांनाच पाजलंस?" वस्तीत टँकर आला, वर्षभरानं फिल्टरही बसला, पण उत्तमला कुणी घरात ये म्हणेना. बुद्धजयंतीला जायचा आणि मागं उभा राहून परत यायचा. आण्णा त्याच पावसाळ्यात गेले. तोवर आमची विहीरही आटली होती.

उत्तमचा जलदान विधी वस्तीतच झाला. लोक आले. मेल्यावर येतातच. भन्तेजींची वंदना झाली, जेवणं झाली, मांडव रिकामा झाला. शांताआक्का भिंतीला टेकून बसली होती. तिची मान वळत नाही, माणसाकडं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. मी तिच्या समोर जाऊन बसलो. म्हणालो, "आक्का, एक सांगायचं हाय." आणि सांगितलं. विहीर, आण्णा, पाइप, स्लॅब, सगळं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या आण्णांनी. हापशापाशी सभा झाली तवा त्ये बी आलते. उत्तमला म्हनले, मला तवाच कावून न्हाई सांगितलं रं? म्या काय पान्याला न्हाई म्हनलो असतो?"

आण्णांनी खरंच पाणी दिलं असतं का, देव जाणे. त्यांना विचारलंच नाही, त्यामुळं ते आता कुणालाच कळणार नाही. मी विचारलं, "उत्तम काय म्हणाला?"

"काय म्हननार? बघत ऱ्हायला. मग मला म्हनला, दत्ता तर म्हनला व्हता, आण्णांनी न्हाई म्हनलं." मग तिचा आवाज चढला. "दत्ताभाऊ, तुमी दोगं बी शिकलेले. पर पानी आमच्या पोटात जात व्हतं. प्यायाचं का रांगंत बसायचं, ह्ये आमी ठरवलं असतं. तुमी कोन ठरवनारं?"

तीच पुढं म्हणाली, "म्या त्याला म्हनलं, जा आन इचार त्या दत्ताला. त्यो म्हनला, न्हाई आक्का, म्या इचारलं तर त्याला सांगायचं राहूनच जाईल. त्याचं त्यालाच सांगू दे."

त्या सभेनंतरच्या रविवारपासून उत्तम दर रविवारी सकाळी माझ्या घरी यायला लागला होता. आधी असा नेम नव्हता. चहा घ्यायचा, पेपरमधलं शब्दकोडं अर्धं सोडवायचा, गुडघ्यांवर हात टेकून उठायचा. चपला घालून फाटकाशी जायचा आणि कडीवर हात ठेवून थांबायचा. मग वळून विचारायचा, "आनखी काय, दत्ता?" एकही रविवार चुकला नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे. मी म्हणायचो, "काही नाही रे, चाललंय." तो आणखी जरासा थांबायचा, मग कडी लावून जायचा.