पुलापलीकडे कुणी फोन उचलत नाही

डोरीन फेदोरचुक कॅनडातल्या विनिपेग शहरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. कुणाला अंघोळ घाल, कुणाला इंजेक्शन दे, कुणाचे मोजे चढव. एकोणीस वर्षं हेच काम. गाडी तिला चालवता येत नव्हती. सगळी भिस्त बसवर.

जानेवारीतल्या त्या सकाळी रस्त्यांची नुसती काच झाली होती. आदल्या संध्याकाळी पाऊस पडला होता आणि पाठोपाठ पारा उणे चोविसावर उतरला होता. सातच्या बसचा साडेसात झाले तरी पत्ता नाही. आठला नदीपलीकडे ओनेझिम गोबे तिची वाट बघत असणार. वय त्र्याऐंशी, घरात एकटे, आणि हट्टी. डोरीनला उशीर झाला की वॉकर न घेताच उठायचे. नाताळाच्या आधी असेच पडले, तर दोन तास जमिनीवर होते.

हातमोजा काढून तिने त्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"बस चार मिनिटांत येतेय," थांब्यावर शेजारी उभा असलेला, बेकरीत काम करणारा माणूस मोबाइल बघत म्हणाला. "गेला अर्धा तास चारच मिनिटांत येतेय."



बस आली ती खच्चून भरलेली. पुलाच्या अलीकडच्या उतारावर तिचा मागचा भाग सरकला, माणसं एकमेकांवर आदळली आणि बस रस्त्यात आडवी झाली.

"कुणी उठू नका! बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी आल्याशिवाय आपण हलत नाही," ड्रायव्हर पोरगी ओरडली.

"किती वेळ लागेल गं?" डोरीनने विचारलं.

"मावशी, मला कसं ठाऊक असणार?"

डोरीनने परत फोन लावला. उचलला नाही. "मला इथेच उतरव."

"इथे नाही उतरवता येत. पडलात तर माझी नोकरी जाईल."

"पोरी, पलीकडे एक म्हातारा माणूस फोन उचलत नाहीये."

पोरीने आरशातून तिच्याकडे पाहिलं, आणि दार उघडलं.

पुलावर वारा तोंडावर सपासप लागत होता. डोरीन कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत होती. मध्यावर पाय सटकला, गुडघा आपटला, डोळ्यांसमोर काजवे चमकले. ती उठली ती दात आवळूनच. मनात एकच घोकणं, जमिनीवर नसू देत, जमिनीवर नसू देत.

घाईत ती नेहमीचं मागचं दार सोडून गोबेंच्या पुढच्याच दाराशी गेली; तिथली, किल्ली ठेवायची कुलुपाची पेटी गोठून बसली होती. तिने तोंडाची वाफ देऊन देऊन ती उघडली. आत पलंग रिकामा. न्हाणीघर रिकामं. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वॉकर भिंतीशी. मागचं दार मात्र सताड उघडं!

गोबे मागच्या पायरीवर बसलेले, अंगात स्वेटर, पायांत सपाता, मांडीवर मिठाचा डबा. ओठ निळे पडले होते.

"हे काय केलंत?" डोरीन किंचाळलीच.

"तू... नेहमी मागून येतेस ना," त्यांचे दात वाजत होते. "पायरीवर मीठ टाकत होतो. पडली असतीस. मग मलाच उठता येईना."

काखेत हात घालून तिने त्यांना ओढत आत घेतलं. सपाता काढल्या तर बोटं मेणासारखी पांढरी. होत्या नव्हत्या त्या रजया अंगावर टाकून तिने ते पाय स्वतःच्या कोटाच्या आत पोटाशी धरले आणि खांद्याने फोन कानाशी दाबून अॅम्ब्युलन्स मागवली.

"यायला वेळ लागेल, रस्ते फार वाईट आहेत," पलीकडून उत्तर आलं.

"मला सांगताय?" डोरीन म्हणाली.

अॅम्ब्युलन्सला पन्नास मिनिटं लागली. तोवर ती त्यांना एकसारखी बोलतं ठेवत होती, शिव्या देत होती, मध्येच रडत होती. गोबे गुंगीत जाऊ लागले की हलवून जागं करत होती.

"किती ओरडतेस गं," ते पुटपुटले.

"ओरडणारच! डोळे उघडे ठेवा."

पायांची बोटं वाचली, एक करंगळी सोडून. डोरीनचा गुडघा मार्चपर्यंत दुखत राहिला. गोबे तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून घरी आले, आणि पहिल्याच सकाळी आठला पाच कमी असताना त्यांनी तिला फोन केला. "मी पलंगावरच आहे," ते म्हणाले, "सावकाश ये."